तलवारीची पारख

(पाठ-परिचय : जपानमधील जुन्या तलवारी आज कोणी लढण्यासाठी घेत नाही. जगभरातील लोक त्या कलावस्तू म्हणून जमवतात, विकत घेतात आणि जपतात. अशी तलवार घेताना काय पाहावे, कशाला भुलू नये आणि घेतल्यावर ती कशी सांभाळावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, समजा, एका दुकानात दोन जपानी तलवारी मांडल्या आहेत. पहिली आरशासारखी चकचकीत आहे. तिची मूठ नवी कोरी आहे आणि म्यानावर सोनेरी वेलबुट्टी आहे. दुसरी तलवार रंग न दिलेल्या साध्या लाकडी म्यानात आहे. तिची मूठ काढली, तर आत काळपट गंज चढलेला लोखंडाचा भाग दिसतो. दोन्ही तलवारींची किंमत सारखीच आहे. तुम्ही कोणती घ्याल?

बहुतेकांचे डोळे पहिली तलवार पाहून दिपतील. जाणकार माणूस मात्र आधी दुसरी तलवार हातात घेईल आणि तिच्यावरचा तो काळा गंज नीट न्याहाळून पाहील. असे का? हे समजण्यासाठी प्रथम ही तलवार कशी तयार होते ते पाहू.

जपानमध्ये लोखंडाच्या खाणी फार नाहीत. तेथील लोहार नदीकाठची व डोंगरातली काळी लोहयुक्त वाळू गोळा करत. मातीच्या मोठ्या भट्टीत ही वाळू आणि लाकडी कोळसा यांचे थर आळीपाळीने टाकत. या भट्टीला ‘तातारा’ म्हणतात. ती तीन दिवस आणि तीन रात्री सतत पेटती ठेवावी लागते. सुमारे १० टन वाळूपासून अडीच टनांच्या आसपास धातूचा गोळा मिळतो. त्यातलाही थोडाच भाग तलवारीच्या कामाचा असतो. या उत्तम पोलादाला ‘तामाहागाने’ असे नाव आहे. जपानच्या शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे अशी एक भट्टी १९७७ साली पुन्हा सुरू करण्यात आली. आजचे बहुतेक परंपरागत लोहार तिथले पोलाद वापरतात.

लोहार हे पोलाद तापवतो, घणाने ठोकून लांबवतो, मधोमध दुमडतो आणि पुन्हा ठोकतो. असे अनेक वेळा केले जाते. प्रत्येक घडीबरोबर थर दुप्पट होतात. दहा घड्या घातल्या, तर एका थराचे १,०२४ थर होतात. या थरांमुळे पात्यावर लाकडाच्या रेषांसारखी बारीक नक्षी उमटते. पोलादावरच्या अशा नक्षीला तुमच्या उर्दू भाषेत ‘जौहर’ म्हणतात. जपानी लोक तिला ‘हादा’, म्हणजे त्वचा, म्हणतात.

यानंतर सर्वांत नाजूक काम येते. लोहार पात्यावर ओल्या मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड लेप आणि धारेकडे पातळ लेप. मग पाते लालभडक तापवून एकदम पाण्यात बुडवतो. धारेवरचा लेप पातळ असल्याने धार झटकन थंड होते आणि अतिशय कठीण बनते. पाठ हळूहळू थंड होते, म्हणून ती चिवट राहते. कठीण धारेमुळे तलवार कापते आणि चिवट पाठीमुळे ती तुटत नाही. याच क्षणी पात्याचा बाकही वाढतो. कठीण आणि चिवट भागांच्या सीमेवर एक पांढुरकी रेघ दिसते. कुठे ती सरळ, कुठे लाटेसारखी, तर कुठे फुलांच्या पाकळ्यांसारखी असते. या रेघेला ‘हामोन’ म्हणतात.

मराठीत आपण ‘शस्त्राला पाणी देणे’ म्हणतो. माणसाच्या बाबतीतही ‘त्याचे पाणी जोखले’ असे म्हणतो. उर्दूत ‘आब’ या शब्दाचे पाणी आणि तेज असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे तलवारीचे खरे तेज पाण्यातून येते, ही गोष्ट आपल्या दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

आता या तलवारी बाजारात कशा आल्या, ते पाहू. जपानमध्ये शेकडो वर्षे सामुराई योद्धे तलवार बाळगत. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांकडच्या तलवारी जप्त केल्या. पुढे १८७६ साली सरकारने हुकूम काढला, की सैनिक व पोलीस अधिकारी यांच्याशिवाय कोणीही तलवार लावून फिरू नये. एका हुकमाने कितीतरी लोहारांचे पोट बुडाले. काहीजण चाकू, कात्र्या आणि शेतीची अवजारे बनवू लागले. अनेक घरांतील तलवारी कवडीमोलाने विकल्या गेल्या.

सर्वांत मोठा आघात १९४५ साली झाला. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला. अमेरिकन सैन्याने देशातील शस्त्रे जमा करण्याचा हुकूम दिला. तलवार हे शस्त्रच, म्हणून लोकांनी घरातल्या पिढीजात तलवारी पोलीस ठाण्यांवर नेऊन दिल्या. त्यांतल्या असंख्य तलवारी वितळवल्या गेल्या, समुद्रात टाकल्या गेल्या किंवा सैनिकांनी आठवण म्हणून आपल्या देशात नेल्या. जपानी तज्ज्ञांनी विनवण्या केल्यावर कलावस्तू म्हणून मोलाच्या तलवारी वेगळ्या काढण्याची परवानगी मिळाली. त्यातूनच १९४८ साली जपानी तलवारींचे जतन करणारी एक संस्था स्थापन झाली. तिचे तलवार-संग्रहालय आज टोकियोच्या र्‍योगोकु भागात आहे.

याच काळातल्या दोन तलवारींची हकीगत ऐका.

मासामुने हा जपानचा सर्वांत प्रसिद्ध तलवार-लोहार. तो सुमारे सातशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याची ‘होन्जो मासामुने’ नावाची तलवार तोकुगावा घराण्यात पिढ्यान् पिढ्या होती. १९३९ साली तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९४५ मध्ये ती इतर तलवारींबरोबर टोकियोतील मेजिरो पोलीस ठाण्यावर जमा झाली. पुढच्याच महिन्यात ती तेथून नेण्यात आली. त्यानंतर ती कोणालाही दिसलेली नाही. ती कोणाच्या माळ्यावर पडली आहे, की भट्टीत वितळून गेली, हे कळलेले नाही.

दुसरी तलवार कुनिमुने या लोहाराची. ती तेराव्या शतकातील आहे. कागोशिमा शहरातील तेरुकुनी देवस्थानाची ही तलवार युद्धानंतर नाहीशी झाली. पुढे अमेरिकेतील डॉ. वॉल्टर कॉम्प्टन नावाच्या संग्राहकाला ती एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली. त्यांनी जपानी तलवारींचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. हे पाते सामान्य नाही, हे त्यांच्या लक्षात आले. चौकशी केल्यावर ती जपानचा हरवलेला राष्ट्रीय ठेवा असल्याचे समजले. डॉ. कॉम्प्टन यांनी १९६० च्या दशकात ती तलवार मोबदला न घेता तेरुकुनी देवस्थानाला परत केली.

मुलांनो, विचार करा. ही तलवार एखाद्या अजाण माणसाच्या हाती पडली असती तर? त्याने गंज दिसला म्हणून ती घासून काढली असती किंवा भंगारात विकली असती. सातशे वर्षांच्या ठेव्याची घटकेत माती झाली असती. डॉ. कॉम्प्टन यांच्याकडे पैसा होता. परंतु तलवार वाचली ती त्यांच्या पारखीमुळे आणि त्यांच्या प्रामाणिकपणामुळे.

मग ही पारख कशी करतात? जाणकार लोक पुढील गोष्टी क्रमाने पाहतात.

पहिली गोष्ट आकार. तलवार उभी धरून तिची लांबी, बाक आणि टोक पाहतात. साठ सेंटिमीटरपेक्षा थोडी अधिक किंवा त्याहून लांब पाते असेल, तर ती कताना किंवा ताची. सुमारे तीस ते साठ सेंटिमीटरचे पाते म्हणजे वाकिझाशी. त्याहून लहान असेल तर ती तांतो, म्हणजे कट्यारच. ताची ही कतानापेक्षा जुनी. घोडेस्वार ती कमरेला धार खाली करून लटकवत. कताना धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोवत. युद्धाची पद्धत बदलली, की तलवारीचा आकार बदलला. म्हणून नुसत्या आकारावरूनही काळाचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट पोलादाची नक्षी आणि तिसरी हामोन. एका दिव्याच्या प्रकाशात पाते हळूहळू तिरके करत ही दोन्ही पाहावी लागतात. खऱ्या हामोनमध्ये धुक्यासारखी खोली असते आणि बारीक चमकदार कण दिसतात. स्वस्त नकली तलवारींवर आम्लाने ही रेघ काढलेली असते. ती वरवर रंगवल्यासारखी सपाट दिसते. पात्याच्या धारेला आडवी चीर गेली आहे का, हेही याच वेळी पाहतात. केसाएवढी बारीक चीर असली, तरी तलवारीचे मोल एकदम उतरते. कारण ती चीर कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

चौथी गोष्ट मुठीच्या आत लपलेली असते. पात्याचा जो भाग मुठीत बसतो, त्याला ‘नाकागो’ म्हणतात. मुठीला बांबूची एक छोटी खुंटी असते. ती काढली, की मूठ निघते आणि नाकागो दिसतो. येथे लोहार छिन्नीने आपले नाव कोरतो. कधी गाव आणि वर्षही कोरतो. कानशीने मारलेल्या रेघाही येथेच दिसतात. प्रत्येक घराण्याची रेघा मारण्याची तऱ्हा वेगळी असे. हा भाग कोणी कधीच घासत नाही. म्हणून शेकडो वर्षांचा गंज त्यावर थरावर थर बसून काळसर, गुळगुळीत आणि एकजीव होतो. नव्या लोखंडावर रसायन लावून आणलेला गंज लालसर आणि भुरभुरीत असतो.

आता तुमच्या लक्षात आले असेल, की जाणकार गंज का पाहतो. तो गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला आहे. कित्येक लोक हौसेने तो घासून लख्ख करतात आणि आपल्या हाताने तो दाखला फाडून टाकतात. मग तलवार खरी असली, तरी तिचे वय सिद्ध करणे कठीण होते. तिची किंमतही घसरते.

नाव कोरलेले आहे म्हणजे तलवार त्याच लोहाराची, असे मात्र समजू नका. प्रसिद्ध लोहारांची खोटी नावे कोरण्याचा प्रकार जपानमध्ये शेकडो वर्षांपासून चालत आला आहे. मासामुनेने स्वतः नाव कोरलेल्या तलवारी अगदी थोड्या आहेत. त्याचे खोटे नाव असलेल्या मात्र पुष्कळ सापडतात. उलट, नाव नसलेली तलवारही अनमोल असू शकते. जुन्या काळी लांब ताची आखूड करून वापरत. पाते नाकागोच्या बाजूने कापत, त्यामुळे कोरलेले नाव कापलेल्या तुकड्याबरोबर निघून जाई. जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांत शंभराहून अधिक तलवारी आहेत. त्यांतल्या कितीतरी तलवारींवर नाव नाही.

तसेच ‘जुनी ती मोलाची’ हेही खरे नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत जपानमध्ये सतत लढाया चालू होत्या. तेव्हा साध्या सैनिकांसाठी घाईघाईने ढिगाने तलवारी बनवल्या गेल्या. त्या जुन्या आहेत, पण बऱ्याचशा सामान्य आहेत. याउलट, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी अधिकाऱ्यांच्या बहुतेक तलवारी कारखान्यात तयार झाल्या होत्या. तरी काही अधिकाऱ्यांनी आपल्या घरातले जुने पाते लष्करी मुठीत बसवले होते. वरची मूठ आणि म्यान पाहून आतले पाते ओळखता येत नाही, ते असे.

जपानमध्ये पारख शिकवण्याची एक छान रीत आहे. पाच तलवारी मांडतात आणि त्यांचे नाकागो झाकून ठेवतात. शिकणारा आकार, नक्षी आणि हामोन पाहून लोहाराचे नाव चिठ्ठीवर लिहितो. गुरू ती चिठ्ठी तपासतात. नाव न वाचता काम ओळखायचे, असा हा धडा आहे.

ज्याला एवढे ज्ञान नाही, त्याने तज्ज्ञांचे प्रमाणपत्र पाहावे. वर सांगितलेली संस्था तलवारी तपासून चार पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. नाव खोटे ठरले, तर प्रमाणपत्र मिळत नाही. जपानमधील प्रत्येक कायदेशीर तलवारीबरोबर सरकारी नोंदणीपत्रही असते. त्यावर लांबी, बाक आणि कोरलेले नाव लिहिलेले असते. तलवार विकत घेणाऱ्याने वीस दिवसांच्या आत नव्या मालकाची नोंद करावी लागते. पुष्कळ ग्राहक या नोंदणीपत्रालाच अस्सलपणाचा पुरावा समजतात आणि हातोहात फसतात. नोंदणीपत्र सांगते, की ही तलवार बाळगण्यास कायद्याची हरकत नाही. ती कोणाची आणि किती मोलाची, हे ते सांगत नाही.

जपानबाहेर तलवार न्यायची असेल, तर तेथील सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते. राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार विकून परदेशी नेता येत नाही. आपल्या देशातही शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. तलवार मागवण्यापूर्वी किंवा बाळगण्यापूर्वी कायदा काय सांगतो, याची चौकशी करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

तलवार घेतल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. पात्याला बोट लावायचे नाही. बोटांच्या घामाने पोलादावर डाग पडतो आणि त्याचा गंज होतो. पात्यासमोर बोलायचेही नाही. कारण थुंकीचा एक थेंब पुरेसा असतो. ठरावीक दिवसांनी जुने तेल मऊ कागदाने पुसून नव्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. या तेलाला लवंगेचा वास असतो. पाते साध्या लाकडी म्यानात ठेवायचे. वर दुकानातल्या दुसऱ्या तलवारीचे म्यान साधे का होते, हे आता कळले ना? ते तलवारीचे रोजचे, विश्रांतीचे म्यान होते.

पाते खराब झालेच, तर ते शिकलगाराकडे द्यावे. जपानी शिकलगार निरनिराळ्या दगडांवर, पाण्याच्या साहाय्याने, दिवसेंदिवस काम करतो. तरीही प्रत्येक वेळी थोडे पोलाद झिजतेच. तलवारीचे आयुष्य अशा मोजक्याच वेळा घासण्याइतके असते. म्हणून शहाणा मालक गरज नसताना ती घासून घेत नाही. घरी वाळूचा कागद घेऊन बसणारा माणूस तर एका दुपारात तिचा आकारच बिघडवून टाकतो.

जुने संग्राहक नव्या माणसाला एकच सल्ला देतात : आधी पुस्तके घ्या, मग तलवार. संग्रहालयात जाऊन उत्तम तलवारी पुन्हा पुन्हा पाहा. डोळा तयार झाला, की दहा सामान्य तलवारींऐवजी एक चांगली तलवार घ्या. विक्रेता मूठ काढून नाकागो दाखवायला तयार नसेल, तर मुकाट्याने तेथून निघा.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी आज जपानी तलवार विकत घेणार नाही. पण आजोबांचे घड्याळ, आजीचे तांब्याचे भांडे, हस्तलिखित कुराण, जुना खलिता किंवा नाणे तुमच्या घरी असू शकेल. ते चिंच आणि राख लावून घासण्यापूर्वी, फाटक्या पानांना चिकटपट्टी लावण्यापूर्वी किंवा भंगारवाल्याला देण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवा.

शेवटी एक हिशेब करा. सातशे वर्षांची एक तलवार आहे. एका माणसाने ती तीस वर्षे सांभाळली असे धरले, तर आजवर तेवीस माणसांनी ती सांभाळली. त्यांतल्या एकाने जरी निष्काळजीपणा केला असता, तरी ती आज उरली नसती. आज पैसे मोजून ती घेणारा माणूस चोविसावा आहे. कागदावर तो मालक असतो. पण पंचविसाव्या माणसासाठी ती ठेव त्याच्यापाशी अमानत आहे.

शब्दार्थ

पारख – खरेखोटे ओळखण्याची शक्ती, परख
न्याहाळणे – बारकाईने पाहणे
चिवट – सहज न तुटणारे
बाक – वळण, वाकलेपणा
पिढीजात – वाडवडिलांपासून चालत आलेले
कवडीमोल – अगदी थोड्या किमतीचे
ठेवा – जपून ठेवलेली मौल्यवान वस्तू
कानस – लोखंड घासण्याचे हत्यार
शिकलगार – शस्त्रे घासून उजळणारा कारागीर, सैकलगर
खलिता – पत्र ठेवण्याची थैली, राजपत्र

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘तामाहागाने’ कशापासून तयार होते?
(आ) १८७६ च्या हुकमाने कोणती बंदी घातली?
(इ) नाकागो म्हणजे काय?
(ई) कुनिमुनेची तलवार कोणी परत केली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पात्यावर मातीचा लेप सारखा न देता कमीजास्त का देतात?
(आ) नाकागोवरील गंजाला जन्मदाखला का म्हटले आहे?
(इ) नोंदणीपत्र आणि तज्ज्ञांचे प्रमाणपत्र यांत काय फरक आहे?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) नाव नसलेली तलवारही अनमोल असू शकते.
(आ) शहाणा मालक तलवार वारंवार घासून घेत नाही.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
डोळे दिपणे, पाणी जोखणे, माती होणे, हातोहात फसणे.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारा. ती कोणाकडून कोणाकडे आली, हे आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.